निळा रंग देण्याआधी

सेनगाव
२ जुलै २०२५

दीक्षा,
जयभीम.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून पत्र. तुझ्या घरचा पत्ता माझ्याकडे नाही, म्हणून संग्रहालयाच्या पत्त्यावर. पाकिटावर 'तैलचित्र दुरुस्ती विभाग' असं लिहिलं आहे. म्हणजे चौकशीचं पत्र समजून कोणीतरी ते तुझ्या टेबलावर ठेवील. हे चौकशीचंच पत्र आहे.

प्रश्न असा. जुन्या तैलचित्रावर नंतर दुसऱ्या कोणी रंग लावला असेल, तर खालच्या चित्राला धक्का न लावता तो काढता येतो का?

चित्र तुझ्या ओळखीचं आहे. आपल्या शाळेच्या हॉलमधलं, विश्वंभर सरांचं. डोक्यावरून पदर घेतलेली बाई, नजर खाली, मांडीवर लेकरू, डावीकडून खिडकीचा उजेड. सर मुंबईला शिकलेले. माणूस समोर बसवून नाकाच्या सावलीपर्यंत हुबेहूब काढायची त्यांची जुनी पद्धत. चित्राच्या मागे त्यांनी 'माय आणि लेकरू' एवढंच लिहिलं होतं. समोर बसलेली बाई मी होते हे आता शाळेत कोणाला माहीत नाही. चेहरा खाली आहे, वय सव्वीस आहे. ज्यांना माहीत होतं त्यातले बहुतेक गेले.

आठ वर्षांपूर्वी मी प्रशिक्षणाला नांदेडला गेले असताना शाळेची रंगरंगोटी झाली. परत आले तर लेकराच्या डोक्यावर मोरपीस. बाईचं कपाळ मोकळं होतं, तिथे कुंकू. माय-लेकराचे यशोदा-कृष्ण झालेले. मी मुख्याध्यापिका होते, त्याच दिवशी बोलायला हवं होतं. बोलले नाही. तेव्हापासून गोकुळाष्टमीला हार पडतो. मूल होत नसलेल्या बायका येऊन नवस बोलतात. मी निवृत्त झाल्यावर तर दिवाही लागला.

आता संस्थेचे अध्यक्ष उकंडराव यांनी ठरवलं आहे की लेकरू निळं करायचं. मी कारण विचारलं. म्हणाले, "किसनदेव कधी गव्हाळ असतो व्हय, बाई? मागल्या साली पाव्हणे हसून राहिले होते." यंदा पंधरा ऑगस्ट आणि गोकुळाष्टमी एकाच दिवशी आली आहे. झेंडा झाला की निळ्या कृष्णाची पूजा.

तू शेवटची इथे आलीस ती आजीच्या जलदान विधीला. "माझी आई गेली," असं तू सगळ्यांसमोर म्हणालीस. मी म्हणाले, "मग इथं कशाला थांबतेस?" तू त्याच दुपारी गेलीस. त्याला तीन वर्षं झाली. त्याबद्दल या पत्रात मला काही लिहायचं नाही.

लहानपणी त्या चित्राखाली उभी राहून तू येणाऱ्या-जाणाऱ्याला "हे मी" म्हणून सांगायचीस. ते निळं होऊ नये असं तुलाही वाटत असेल तर लवकर कळव. चव्वेचाळीस दिवस आहेत.

आई

सेनगाव
१४ जुलै

दीक्षा,
जयभीम.

मेसेज मिळाला. "काहीही लावू नका. पाणी नाही, टर्पेंटाइन नाही, ओला कापूस नाही. वरचा रंग कोणता ते शोधा. सरांनी वॉर्निश दिलं होतं का?" तीन वर्षांनी तुझ्या चार ओळी आल्या आणि त्यात एकही शब्द जादा नाही. माझ्या हाताखाली शिकल्याचा एवढा तरी उपयोग झाला.

मोरपीस रंगवणारा सापडला. वारंगा फाट्यावर थावरा म्हणून एक पेंटर आहे. ट्रकच्या मागच्या फळ्या, हॉटेलांच्या पाट्या रंगवतो. दोन गाड्या बदलून गेले. तो एका टँकरच्या मागे गुलाब काढत होता. ओळख सांगितली तर खाली उतरून उभा राहिला.

"बाई, चूक झाली का काही?"

"चूक नंतर बघू. रंग कोणता वापरलास ते सांग."

"ऑइलपेंट. गाडीचाच. पहिले पाण्याचा रंग घेतला होता. पण चित्रावर काचंवानी चकचकीत थर होता, पाणी ठरंच ना. मग म्हणलं गाडीचा घ्या."

म्हणजे वॉर्निश आहे आणि मोरपीस वॉर्निशच्या वर आहे. तुला हेच हवं होतं, असा माझा अंदाज. बरोबर असेल तर कळव.

मी विचारलं, निळा रंग द्यायचं कामही तुझ्याकडेच आलं आहे का? म्हणाला, "आलंय. पण मी चालढकल करून राहिलो. खालचं काम लई मोठ्या माणसाचं हाय, बाई. त्या लेकराच्या गालावर लाल हाय, पिवळं हाय, अन् कानापाशी थोडं हिरवं बी हाय. हिरवं काहून लावलं आसंल?" तो हिरवा आपल्याला कळावा म्हणून त्यानं टँकरवाल्याच्या पोराला म्हणे तासभर उन्हात उभं केलं. "आन् खरंच, कानाखाली हिरवं दिसतंय बगा." मी बत्तीस वर्षं त्या चित्राखालून गेले. मला हिरवं दिसलं नव्हतं. तुला कधी दिसलं?

चहा पाजल्याशिवाय त्यानं सोडलं नाही. जाताना म्हणाला, "कुंकू माझं नाही बरं का. ते कोण्या बाईनं खरंखुरं लावलंय."

आई

सेनगाव
२४ जुलै

दीक्षा,

टॉर्च तिरकी धरून फोटो काढले, तू सांगितलंस तसे. हॉल सकाळी सहाला उघडून घेतला. शिवकन्या म्हणून नवी शिक्षिका आहे, तिनं टॉर्च धरली. ती दोनदा हसली. दुसऱ्यांदा मी बघितल्यावर थांबली.

आता माझे काही प्रश्न. तू त्या विषयातली आहेस आणि मला रिकामा वेळ आहे.

सरांकडे परदेशी चित्रांचं एक जाड पुस्तक होतं. बसायच्या आधी त्यांनी मला त्यातल्या माय-लेकरांची पानं दाखवली होती. तसली चित्रं मी परवा फोनवर पुन्हा पाहिली, साठ-सत्तर तरी. सगळ्या आया खाली बघतात. लेकरं मात्र पुष्कळदा आपल्याकडे बघतात. असं का? एकही आई दमलेली नाही. एकीचाही पदर किंवा बाही ओली नाही. आणि हात. लेकरू धरलेल्या बाईचा हात घट्ट असतो, मनगटाची शीर वर येते. चित्रातल्या बायकांचे हात फूल ठेवल्यासारखे असतात.

माझाही तसाच आहे. तो कसा झाला ते सांगते. सर सारखे म्हणायचे, "बाई, हात सैल सोडा. लेकरू आहे, दप्तर नाही." सोडला की लेकरू घसरायचं. मग त्यांनी चाचणीच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा आणून माझ्या कोपराखाली ठेवला आणि वरून पदर सोडला. नववीचा भूगोल. सगळा भार त्यावर. तेव्हा कुठे तो मायाळू हात तयार झाला. तू रोज मोठमोठ्यांची चित्रं साफ करतेस. त्या पदरांखाली काय काय असेल याचा कधी विचार करतेस का?

तू विचारलं आहेस, "सहीखाली ऑगस्ट ८७ आहे. तेव्हा मी अकरा महिन्यांची होते. चित्रातलं बाळ चार-पाच महिन्यांचं आहे. मान अजून पूर्ण धरलेली नाही. असं कसं?"

चित्रकार वय कमी-जास्त करत असतील. तुलाच जास्त माहीत.

आई

सेनगाव
२७ जुलै

दीक्षा,

मागच्या पत्राचा शेवट खोटा आहे. पोस्टात टाकून आल्यापासून मला स्वस्थ बसवलं नाही. पोरांनी असं उत्तर लिहिलं असतं तर मी शून्य दिलं असतं.

चित्रातलं लेकरू तू नाहीस.

तो भागवत आहे. शाळेतल्या सेविका निर्मलाबाईंचा मुलगा. तेव्हा पाच महिन्यांचा होता. आता हिंगोली लाइनला जीप चालवतो, तू त्याच्या जीपमध्ये बसलीही असशील. निर्मलाबाई वर्ग झाडायच्या, तोवर तो माझ्या मांडीवर. रोज साडेतीनच्या पुढे, अकरा दिवस.

तू त्या वेळी पुसेगावला आजीकडे होतीस. ते तुला माहीत आहे. तिसऱ्या महिन्यात ठेवली, सहाव्या वर्षी आणली. तेव्हा मी शाळेत कायम झाले नव्हते. आपल्या समाजाची शिक्षिका मी एकटी. माझी एक रजा इतरांच्या चार रजांएवढी दिसायची. तुझे बाबा परभणीला नोकरीत. हे सगळं तुला पूर्वी सांगून झालं आहे आणि ते खरं आहे. पण ते सांगताना चित्राचं मी तसंच राहू दिलं.

तुला पहिलीत घातली तेव्हा वर्गातल्या मुलींचं ऐकून तूही मला "बाई" म्हणायचीस. घरीसुद्धा. "बाई, भाकर वाढा." पंधरा-वीस दिवस चाललं. मी दटावलं की तू गप्प बसायचीस आणि परत "बाई". एके दिवशी हॉलमध्ये तू चित्राकडे बोट करून विचारलंस, ही कोण? मी म्हटलं, मी. आणि लेकरू? मी म्हटलं, तू. त्या संध्याकाळी तू मला आई म्हणालीस.

मग ते खोडायचं कधी? आठवीत? तू त्या चित्रापायी चित्रकलेला जाते म्हणालीस तेव्हा? पुढे मोरपीस आलं तेव्हा बोलले असते, तर चित्रात कोण बसलं होतं हे निघालं असतं आणि लेकराचंही निघालं असतं. निर्मलाबाई जिवंत आहेत. म्हणून गप्प राहिले. देव झाला तर होऊ दे म्हटलं.

आणखी एक. तू विचारण्याआधीच लिहिते. भागवत माझ्याकडे रडत नसे. तू रडायचीस. मी शनिवारी संध्याकाळी पुसेगावला यायचे, तू आजीच्या लुगड्यात तोंड खुपसायचीस. रविवारी दुपारपर्यंत जरा सलगी व्हायची, चारला माझी गाडी असायची. त्या अकरा दिवसांत एक लेकरू माझ्याकडे बघून हसत होतं आणि मला ते आवडत होतं. चित्रात जे दिसतं ते खरं आहे. फक्त ते तुझ्या वाट्याचं नव्हतं.

आता तू चित्रासाठी काही करावंस असं मी म्हणणार नाही. ते निळं होऊ द्यायचं नाही एवढं मात्र माझं मी बघते.

आई

सेनगाव
१० ऑगस्ट

दीक्षा,
जयभीम.

तुझं उत्तर नाही. ते मी धरूनच चालले होते. झालं ते कळवते, कारण चौकशी मी सुरू केली होती, ती पुरी करायला हवी.

काल संस्थेची बैठक होती. मी निर्मलाबाईंना घेऊन गेले. भागवतनं जीप आणली. तो बाहेर थांबतो म्हणाला, मी आत बसवला. थावरालाही बोलावलं होतं, डबा-ब्रश घेऊन.

मी सरळ सांगितलं. चित्रात बसलेली बाई मी आहे, लेकरू हे, जीपवाला. कृष्ण नाही, यशोदा नाही. सरांनी मागे काय लिहिलं आहे ते उलटून बघा.

उकंडरावांनी टोपी काढून मांडीवर ठेवली.

"बाई, म्हंजे आमी आठ वर्सं तुमाला हार घालून राहिलो व्हय?"

"व्हय. आणि पहिली दोन वर्षं मी समोर उभी राहून पोरांच्या रांगा लावत होते."

"मंग तवाच काहून बोल्ला न्हाई?"

"ते माझं घरचं कारण होतं."

कोपऱ्यातले एक सभासद म्हणाले, आता लोकांना काय तोंड दाखवायचं, बायकांनी नवस फेडलेत तिथं. तुझ्या माहितीसाठी सांगते, ते 'तिथं' म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं त्यांनी टाळलं. त्याचा अर्थ मला आणि तुला समजावून सांगावा लागत नाही. मी उत्तर द्यायच्या आत निर्मलाबाई उठल्या. त्या शाळेत पस्तीस वर्षं काढून एकदाही बैठकीत बसल्या नव्हत्या.

"लेकरू माजं, मांडी बाईची, नवस लोकायचा. कोनाचं काय गेलं? ज्यायला व्हायची होती त्यायला लेकरं झाली. आता माज्या पोराला निळं करता का? आधीच कोनी पोरगी देत नव्हतं त्याला."

भागवत म्हणाला, "माय, आता दोन लेकरं हायेत मला, बस खाली." उकंडराव हसले, मग सगळेच हसले. थावरानं ब्रश पिशवीत ठेवला आणि विचारलं, "मंग मी जाऊ का?"

उकंडराव वाईट माणूस नाही. पण हसून झाल्यावर म्हणाले, "चित्र तुमी घरी न्या, बाई. तुमचंच हाय. हॉलमध्ये आता मला ते लावता येनार न्हाई." मी कारण विचारलं नाही. त्यांनी सांगितलंही नाही. संध्याकाळपर्यंत भिंतीवर यशोदा-कृष्णाचं फ्लेक्स लागलं. निळं आहे, चांगलं छापलं आहे.

चित्र आता माझ्या मधल्या खोलीत आहे. भागवतनं गोधडीत गुंडाळून आणलं. दारात उतरवताना तो बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "मी लहानपणी गोरा होतो का हो, बाई?" मी म्हटलं, उजेड होता.

आज सकाळी पूजा नावाची सोयाबीनवाल्यांची सून आली. नवसानं झालेली दोन महिन्यांची मुलगी घेऊन. नवस कुठे फेडू विचारत होती. मी म्हटलं, फेडू नकोस, लसीच्या तारखा पाळ. तिनं ऐकून घेतलं आणि मुलगी माझ्या मांडीवर ठेवून माझ्याकडे बघत बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "चित्रात तुमी बरं धरलं होतं."

आई

सेनगाव
२२ ऑगस्ट

दीक्षा,
जयभीम.

मेसेज पंधरा तारखेलाच आला. उत्तराला आठवडा लागला, कारण तीन वेळा लिहून फाडलं. चित्र साफ करायला येणार की नाही ते तू लिहिलेलं नाहीस. एकच प्रश्न विचारला आहेस, "मला का बसवलं नाहीत?"

बसवलं होतं. एकदा.

सरांनीच सुचवलं. म्हणाले, "बाई, तुमची स्वतःची मुलगी आहे, तिला आणा. दुसऱ्याच्या लेकराकडे बघताना माणूस जरा जास्त सांभाळून बघतो." म्हणून पहिल्या रविवारी मी तुला पुसेगावहून आणलं. आजीनं तुला न्हाऊ घातलं, तीट लावली, माझ्या हाती दिलं. तू रस्त्यापासूनच सुरू झालीस. शाळेत आल्यावर तर आवाज सगळ्या इमारतीत. मी मांडीवर धरायचे, तू धनुष्यासारखी ताठ. माझ्या हातावर चावलीस. सर तासभर ब्रश धरून थांबले. शेवटी ते पुसून ठेवले आणि म्हणाले, राहू द्या. त्यांनी दुसरं काही म्हटलं नाही. पण चांगल्या माणसानं काही न म्हणणं मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी निर्मलाबाईंना विचारलं.

त्या संध्याकाळी तुला परत पोचवायला हिंगोलीची गाडी धरली. पुसेगाव वाटेवर. मी खिडकीपाशी बसले. तू रडून रडून दमली होतीस. गावाबाहेर गाडी आली आणि तू गप्प झालीस. मी बघितलं, तर माझ्या दंडावर डोकं टाकून झोपली होतीस. तोंड उघडं, लाळ माझ्या बाहीवर. तिसऱ्या महिन्यानंतर तू माझ्या अंगावर झोपलीस ती पहिलीच वेळ. हात अवघडला, मुंग्या आल्या. मी तो हलवला नाही. गाडीच्या खड्ड्यांनी तू जागी होशील म्हणून मी पाय वर घेऊन समोरच्या सीटला लावले. साडी नेसलेल्या शिक्षिकेनं. पलीकडचा एक म्हातारा बघत होता. बघू दे म्हटलं.

हे तुला कधी सांगितलं नाही. तुला झोपेतलं आठवणार नाही, म्हणून ते धरायचं नाही असं मला वाटायचं. आणि पुढचं सांगायला मला लाज वाटते.

पुसेगाव आलं. कंडक्टरनं घंटी मारली. फाट्यावर आजी उभी होती, मला दिसली. गाडीत अंधारून आलं होतं, तिला मी दिसले नसणार. लोक उतरले. कंडक्टर म्हणाला, "बाई, पुसेगाव. उतरा."

मी म्हटलं, हिंगोलीचं तिकीट द्या.

आई